मौनात घेतलेलं नाव

चातुर्मासात माझं रोज दुपारी बारापर्यंत मौन असतं. एरवीही मी फारशी बोलत नाही, त्यामुळे घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. काही सांगायचं असलं की मी बांगड्या वाजवते, अगदीच घाई असेल तर टाळी.

पण त्या शुक्रवारी ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावी जाताना मला माझ्याच गप्प बसण्याची धास्ती वाटत होती.

ह्यांचा डावा डोळा होळीच्या सुमारास गेला. सकाळी उठले आणि म्हणाले, "अगं, डावीकडचा दिवा बंद आहे का?" डोळ्याच्या नसेत गुठळी झाली होती. उजव्याचंही डॉक्टर काही नक्की सांगेनात. ह्यांचे वडील रत्नागिरीहून मस्कतला सुतारकामाला आले, हे वाढले ते इथेच. "माझं गाव म्हणजे हा किनारा," म्हणतात. दिसतंय तोवर तो सगळा कॅमेऱ्यात घ्यायचा, हे आता डोक्यात बसलेलं. दर शुक्रवारी मस्कतमधल्या आमच्या अल हैलहून निघायचं. गाडी आमची उर्वी चालवते. मी मागे बसून जप करते, पण लक्ष ह्यांच्या डाव्या खांद्याकडे. घरात तो रोज दाराच्या चौकटीवर आपटतो.

"बाबा, आई किती टेन्शन घेते! नेक्स्ट टाइम तिला घरी ठेवू या?"

"तिलाच विचार."

"ती कुठे बोलतेय!" दोघं हसली. मी माळ ओढत राहिले.

सूरला खाडीच्या तोंडाशी, जुन्या बुरुजाखालच्या खडकावर आम्ही उतरलो. उर्वी पाणी आणायला गेली. समोर लाकडी गलबतं नांगरलेली. सगळी एका फोटोत मावेनात, म्हणून हे कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून डावीकडे सरकू लागले.

डावीकडे खडक संपत होता. खाली दगड आणि पाणी.

मी बांगड्या वाजवल्या. वारा इतका, की मलाच ऐकू आल्या नाहीत. मग जोरात टाळी वाजवली.

"हो गं, दोन मिनिटं! किती घाई!" मागे न बघता हे म्हणाले आणि आणखी एक पाऊल सरकले.

"जनार्दन!"

लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. हे दचकून वळले. बोट बटणावर दाबलं गेलं. पायाखालचा खडा घरंगळत खाली गेला, तो पाण्यात पडल्याचं दोघांनीही ऐकलं.

मग ह्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. फोटो तिरपा आला होता. कोपऱ्यात अर्धं गलबत आणि मधोमध मी, तोंड उघडं, हात वर.

"हा पुसायचा नाही," हे म्हणाले. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून म्हणाले, "रडतेस काय? मौन मोडलं म्हणून? अगं, विष्णूचंच नाव घेतलंस की. चातुर्मासात चालतं."

मला हसू आलं नाही. वर मान करून सूर्य पाहिला. बारा वाजायला अजून अवकाश होता. मी तोंड मिटलं, ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि शर्टाचं टोक मुठीत धरलं.

"सोड गं, लोक बघतायत. अजून एकच फोटो."

मी मान हलवली. नाही.

ह्यांनी तसाच कॅमेरा डोळ्याला लावला.