बाटलीचा श्वास

बाळांनो, क्षणभर असं समजा, की तुमच्या घरात एक नवं माणूस राहायला आलं आहे. पाहुणा नव्हे, पाहुणा परत जातो. हे माणूस कायमचं आलं आहे. स्वभावाने चांगलं आहे, हसतं, तुमच्या ताटात आधी वाढतं. पण जेवायला बसलं की त्याच्याशी काय बोलावं ते तुम्हाला सुचत नाही, आणि तुमच्याशी काय बोलावं ते त्याला. "मीठ दे", "पुरे", "झालं का?" एवढ्यावर जेवण उरकतं. आलं डोळ्यांसमोर? मग आता त्या घरातल्या मुलीची गोष्ट ऐका.

मुलगी चौथीत होती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तीन महिन्यांपूर्वी बाबांनी दुसरं लग्न केलं होतं. नवीन बाईंना हाक काय मारायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. "आई" म्हणायला जीभ रेटेना. "मावशी" म्हणून पाहिलं, तर शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काही खोटं नाही!" मुलीला तो शब्दच नकोसा झाला. तेव्हापासून ती नुसतं "अहो" म्हणायची.

"अहो, तुमचा फोन वाजतोय."

"अगं, या घरात 'अहो' मी आहे," बाबा आतून ओरडायचे.

"गेलं तुमचं पद," त्या बाई म्हणायच्या, आणि तिघेही हसायचे. हसून झालं की पुन्हा सगळे गप्प.

आपण गोष्टीपुरतं त्यांना नवी आई म्हणू. नवी आई एका वाइनरीत कामाला होती. तिथे मोठमोठ्या लाकडी पिंपांत वाईन मुरत ठेवतात. नवी आई एकेका पिंपातली घोटभर वाईन पेल्यात घ्यायची, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. मग कुठल्या पिंपातली कुठल्यात मिसळायची ते सांगायची. एरवी ती मोजकं बोलायची, पण बाबांनी कामाचं काही विचारलं की तिचा चेहरा खुलायचा आणि हातातला घास हातातच राहायचा. मुलीने ते हेरलं. आपण वाईनबद्दल सगळं शिकायचं, असं तिने ठरवलं. म्हणजे जेवताना बोलायला काहीतरी असेल.

ती वाचनालयात गेली.

"वाईनवरचं पुस्तक हवंय."

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला?"

"मला."

"वय काय गं तुझं?"

"प्यायची नाहीये. तिच्याबद्दल बोलायचंय."

बाईंनी हसत हसत कोपऱ्यातलं कपाट दाखवलं. मुलीने त्यातलं सगळ्यांत जाड पुस्तक उचललं. जितकं जाड, तितकं जास्त बोलणं, असा तिचा हिशेब. त्यात नकाशे होते, मातीचे प्रकार होते, द्राक्षांच्या जाती होत्या. चार दिवस तिने पाढे घोकावेत तसं ते घोकलं. रात्री जेवायला बसल्यावर घसा साफ करून म्हणाली,

"द्राक्षाच्या वेलीला दगडाळ जमीन मानवते."

नवी आई चमकली. "हो, खरं आहे."

"उतारावर पाण्याचा निचरा चांगला होतो."

"हो. होतो."

पुढे काय? मुलगी वाट पाहत राहिली. पण "हो" म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? बाबांनी मीठ मागितलं.

मुलीने हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने पुस्तक पुन्हा उघडलं आणि एका वाक्यापाशी थबकली: 'चांगल्या लाल वाईनला पिण्याआधी श्वास घेऊ द्यावा.'

तिची नजर वर गेली. वरच्या फडताळात एक बाटली होती. नव्या आईच्या कामावरच्या सोबत्यांनी लग्नात भेट दिलेली, त्यांच्याच हातची. तिच्या गळ्यात चिठ्ठी होती: 'वर्ष पूर्ण झालं की उघडा.' म्हणजे ती बिचारी तीन महिने श्वासावाचून अंधारात पडली होती, आणि अजून नऊ महिने तशीच राहणार! वाईनबद्दल इतकं शिकलेली नवी आई हे कसं विसरली?

मुलीने स्टुलावर चढून बाटली काढली. बूच काढायचा स्क्रू फिरवता फिरवता हात लाल झाले, अर्धं बूच चुरा होऊन आत पडलं, पण बाटली उघडली. मोकळी हवा लागावी म्हणून तिने ती खिडकीत नेऊन ठेवली आणि समोर बसून राहिली.

नवी आई संध्याकाळी घरी आली. खिडकीतली बाटली पाहून ती पर्स खांद्यावरून न काढताच उभी राहिली. तिचा चेहरा असा उतरला, की आपलं काहीतरी चुकलं हे मुलीला लगेच कळलं.

"पुस्तकात लिहिलंय," मुलीचा आवाज चिरकला, "श्वास घेऊ द्यावा म्हणून. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

नव्या आईने पर्स खाली ठेवली. मुलीला वाटलं, संपलं. आता ही आपल्याशी "मीठ दे" एवढंसुद्धा बोलणार नाही.

"कधी उघडलीस?"

"शाळेतून आल्या आल्या."

नव्या आईने बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले. "श्वास तर चांगला मोकळा झालाय हिचा," ती म्हणाली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "पण पुस्तकात ते 'पिण्याआधी' लिहिलंय ना, ते जेवायला बसायच्या जरा आधी. उघडलेली बाटली दोनतीन दिवस टिकते. नऊ महिने नाही टिकत."

"मग तुमचं वर्ष?"

तेवढ्यात बाबा आले. सगळं ऐकून म्हणाले, "दुपारपासून श्वास घेतेय? मग आतापर्यंत चालायला लागली असेल. बघा, कुठे निघून जायच्या आत पेले काढा."

"आपलं वर्ष आजच झालं म्हणू," नवी आई म्हणाली. वाईन गाळून घेताना तिने ते जाड पुस्तक चाळलं. "पुस्तक उत्तम आहे. पण हे शेवटी वाचायचं. आधी वेगळं लागतं. उद्या येऊ का तुझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी दोघी त्या कोपऱ्यातल्या कपाटापुढे मांडी घालून बसल्या. नव्या आईने एक चकचकीत पुस्तक उघडलं. "यात प्रत्येक वाईनला गुण दिलेत. हिला नव्वद, तिला ब्याऐंशी."

"शाळेसारखे?"

"हो ना. ठेव खाली." दुसरं उघडलं. त्यात एका मळेवाल्याने छाटणीपासून तोडणीपर्यंतचं एक वर्ष लिहिलं होतं: गारपीट, पाखरं, भांडखोर भाऊ. नव्या आईने एक पान वाचलं आणि उलटायला गेली, तर मुलीने हात धरला. "थांबा ना, भावाचं काय झालं?"

"अशी ओळख पटते पुस्तकाची," नवी आई म्हणाली. "हे घ्यायचं."

तिसरं मुलीनेच शोधलं. वहीएवढं पातळ, शब्द साधे. प्रत्येक धड्यात वाचकाला पुस्तक मिटून काहीतरी हुंगायला पाठवलं होतं. कधी लिंबाची साल, कधी ओली फरशी. "हे मी नवी होते तेव्हा हवं होतं मला," नवी आई म्हणाली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिघांनी पहिला धडा उघडला. मुलीने मोठ्याने वाचलं: 'पेला नाकाशी धरा. छान आहे, असं म्हणू नका. हा वास तुमच्या घरात कुठे भेटला होता, ते सांगा.'

बाबांनी कालची उरलेली वाईन पेल्यात ओतली आणि खूप वेळ हुंगली. "वाईनचा वास येतोय."

"नापास," मुलगी म्हणाली.

"मला पिकलेल्या जांभळांचा येतोय," नवी आई म्हणाली, "आणि मागे धुरकट काहीतरी. माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात असायचा तसा." मग तिने पेला मुलीपुढे धरला. "नुसता वास हं. जीभ लावायची नाही."

मुलीने डोळे मिटले. पुन्हा एकदा खोल हुंगलं.

"आईचं कपाट," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. ते कपाट मुलीच्या खोलीत होतं. नवी आई त्या घरात आल्यापासून ते कुणी उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

"तो वास मला माहीत नाही," ती हलकेच म्हणाली. "कसा असतो?"

"लाकडाचा. आणि सुकलेल्या फुलांचा. आणि..." मुलगी अडखळली. "नाही सांगता येत."

"सांगता आलं नाही तर काय करायचं? लिहिलंय का काही?"

मुलीने पानावर बोट फिरवलं. 'शब्द सापडला नाही, तर जिथला वास आहे तिथे जाऊन पुन्हा हुंगा.'

तिने पुस्तक मिटलं. खोलीत जाऊन पुस्तकांच्या मागून किल्ली काढली. कुलूप घट्ट बसलं होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागली. मग तिने कपाटाची दोन्ही दारं उघडली, आणि आपल्या शेजारी आणखी एकीला उभं राहता येईल, एवढी बाजूला सरकली.