फेटा कुणीकडं कललेला?

दुष्काळ सरल्यानंतरची पहिली गड्ड्याची यात्रा, आणि हेमावतीची सासरची पहिलीच. आता नवरा ओळखणं म्हणजे काय मोठं काम हो? पण लग्नाला दोन महिने झालेले, घर माणसांनी भरलेलं, आणि भीमाशंकर समोर आला की ही मान खाली घालणार. त्याच्या पायाची बोटं विचारा, एकेक सांगेल. चेहऱ्याची मात्र तिची तिलाच खात्री नव्हती.

नणंद शिवबाईनं नेमकं तेच हेरलं. "वैनी, मिरवणुकीत नंदीध्वजामागं दादा चालणार हाय. सज्ज्यातनं दाखवायचा की! न्हाय वळखला, तर दादाला सांगणार."

हेमावतीला वाटलं, आपल्या बायकोला आपण ओळखू येत नाही, हे त्या माणसानं ऐकायचं?

बहिणीचा स्वभाव भीमाशंकरला ठाऊक. निघताना तो हळूच म्हणाला, "माझा फेटा डावीकडं कललेला असंल. ध्यानात ठेव."

डावीकडं, डावीकडं, असं ती घोकत राहिली. पण सासूबाई सुंदरम्मा गप्प बसतील तर ना! "हेमा, दूध उतू जातंय. मंद्रूपच्या पाव्हण्यांना दही काढ. कपाटाची किल्ली कुटं ठेवलीस? आन् आरतीतली उजवीकडची वात वर कर." एवढं डोक्यात कोंबल्यावर बिचारा फेटा राहतोय कुठं? माडीच्या सज्ज्यात पोचेपर्यंत डावीकडं की उजवीकडं, हेच निसटलं.

आणि खाली बघते तर काय! सगळ्यांची बाराबंदी पांढरी, धोतर पांढरं, फेटाही पांढरा. कललेले म्हणाल तर दोन्हीकडं. ती एका टोकापासून बघू लागली. हा नव्हे, हाही नव्हे... तोवर बघून झालेले पुढं सरकून न बघितलेल्यांत मिसळलेले. पुन्हा पहिल्यापासून. एका मिशाळ गृहस्थाला तर तिनं तीनदा नापसंत केलं.

"घावला का?" शिवबाईचं टुमणं चालूच.

ध्वज घरावरून पुढं निघाला तसा हेमावतीचा धीर सुटला. कठड्यावरून वाकून तिनं हाक मारली, "अहो!"

अख्ख्या रस्त्यानं माना वर केल्या. शिवबाई हसून हसून मटकन खालीच बसली.

एक जण तेवढा वळला नाही. वाहत्या गर्दीत धक्के खात तो जागच्या जागी थांबला होता आणि शेजारच्या सज्ज्याकडं बघून हात हलवत होता. तिथं हेमावतीसारखीच हिरवी इरकल नेसून साठीच्या शेजारीणबाई नागव्वा उभ्या होत्या. त्याही बिचाऱ्या कौतुकानं हात हलवत होत्या.

अगंबाई, हाच की आपला! फेटा कुणीकडं कललाय, ते बघायचंही तिला सुचलं नाही.

"भीमाशंकर! हितं, हितं!"

नवऱ्याचं नाव! भर रस्त्यावर, मागं येऊन उभ्या राहिलेल्या सासूच्या देखत! भीमाशंकरनं चमकून मान वळवली, एकदा नागव्वाकडं बघितलं, एकदा हिच्याकडं, आणि कानापर्यंत लाल झाला.

"आता सांग की दादाला," सुंदरम्मा लेकीला म्हणाल्या. "आन् तो कुणाला हात करत हुता, तेबी ईचार."

हेमावतीनं या खेपेला मान खाली घातली नाही. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती त्याच्याकडं डोळे भरून बघत राहिली.