नकाशात नसलेली गल्ली

नकाशा वाचायचं काम माझं आणि रस्ता चुकायचं काम उल्हासचं, अशी आमच्या संसारात पहिल्यापासून वाटणी. नागपूरला मी सात वर्षं शाळेत भूगोल शिकवला. इथे अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगला नवऱ्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून डॅलसच्या रस्त्यांचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. पानोपानी माझ्या पेन्सिलीच्या खुणा: इथे टायर पंक्चर, इथे तळ्याकाठी पुरीभाजी, इथे कडाक्याचं भांडण आणि पुढे चार मैल अबोला. पान उघडलं की भटकंतीचा तो रविवार अख्खा परत मिळायचा.

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोला आम्ही घर बुक केलं होतं. गल्ली इतकी नवी, की नकाशात तिथे नुसती मोकळी जागा. मग मीच पट्टी घेऊन, प्रमाण धरून ती काढली आणि कोपऱ्यावर आमच्या घराचा चौकोन.

मे २००२ मध्ये उल्हासची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसा गेला, व्हिसाबरोबर घर. सोफा, पलंग, मिक्सर विकून झालं. शेवटी गाडी घ्यायला राजीव आला. न्यू जर्सीहून नुकताच इकडे आलेला.

"हे पुस्तकही घेऊन जा," मी म्हटलं. जिवावर आलं होतं, पण नागपुरात त्याचं काय लोणचं घालायचं?

"थँक्स वहिनी, पण मी हे यंदाचं घेतलंय. तुमचं आउटडेटेड झालं."

मला ते लागलं. त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन मी फ्रिस्कोचं पान काढलं. माझी गल्ली तिथे छापलेली होती, नावासकट. माझं माप केसभरही चुकलं नव्हतं. क्षणभर मास्तरीणबाई खूश झाल्या, खोटं कशाला बोलू?

"अरे, याच लेनवर घर घेतोय आम्ही," राजीव वाकून म्हणाला. "कॉर्नरचं. कोणीतरी बुकिंग कॅन्सल केलं म्हणे. लकी यार!"

उल्हास किल्ली आणायच्या निमित्तानं आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

"आज बायकोला दाखवायचंय. इथून कसं जाऊ, वहिनी?"

चुकीचं सांगावं, असं मनात आलं. पण ते काम माझं नव्हे. कुठल्या सिग्नलला डावीकडे, पाण्याची टाकी कुठे दिसते, सगळं नीट सांगितलं.

आमच्या गाडीत बसून तो आमच्या घराकडे निघाला. वाट मीच दाखवली होती.