खालच्याचं वल्हं

त्या ओढ्याचा तोराच मोठा. एरवी त्यात कुत्र्याचे पायसुद्धा धड भिजत नसत, पण वर डोंगरात दणकून पाऊस झाला की अर्ध्या दिवसापुरता तो नदीचा आव आणायचा. तेवढ्यात होडी घालून उतरलात तर उतरलात. जेवून येतो म्हणालात तर परत येईपर्यंत नुसते दगड. लांबीलाही एवढासाच, पण देखणा. दोन्ही बाजूंना शेवाळलेले कडे, त्यांतून लोंबणारे नेचे, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने फेसाळत धावणारं पाणी.

नाना किल्ल्या बनवत. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की नानांना बाहेर यावं लागे. ओढ्याला पाणी आल्याचं कळलं की ते दुकानाला कुलूप ठोकत आणि दोन्ही कयाक, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, गाडीच्या टपावर बांधून पसार होत. सोबत लेक. ती दातांच्या कवळ्या करायची, चाळिशी उलटली होती, तरी नानांसाठी ती अजून ढब्बूच होती. आई म्हणायची, "बाप लोकांची कुलपं उघडतो, लेक लोकांचे दात बसवते, आणि पाऊस आला की दोघांची अक्कल वाहून जाते."

ओढ्याच्या शेवटी पाणी एकदम खाली पडायचं. त्या जागेला दोघं उंबरा म्हणत. वरून त्याचा पायथा दिसत नसे, आणि भीती होती ती तिथेच. पुरात वाहून आलेलं झाड पायथ्याशी आडवं अडकलं, तर पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस मात्र अडकतो. म्हणून नाना आधी वल्हं घेऊन काठाने चालत खाली जात आणि खडकावर उभे राहून नीट बघत. वल्हं उभं धरलं की ये. आडवं धरलं की येऊ नकोस. ढब्बू उतरली की मग ती खाली उभी राही आणि नाना वर जाऊन उतरत. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. खालच्याच्या वल्ह्यावर वरच्याने डोकं चालवायचं नाही, हा नानांचा कायदा. ढब्बूने तो लहानपणापासून पाळला होता. कधी विचारच केला नव्हता, इतका पाळला होता.

मग नाना विसरायला लागले. आधी एका गिऱ्हाइकाला एकच किल्ली पुन्हा पुन्हा करून दिली, मग दुकानातून घरी यायची वाट चुकले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. दुकान बंद झालं आणि नाना दिवसभर खिडकीशी बसू लागले.

त्या सकाळी पाऊस ओसरला तेव्हा ते हेल्मेट घालून दारात उभे होते. पट्टासुद्धा नीट लावलेला.

"ह्यांना पाण्यात घालणार आहेस?" आईने ढब्बूला स्वयंपाकघरात ओढून विचारलं.

"शेवटचं एकदा, आई. उंबऱ्याच्या आधीच थांबवते."

"तू थांबवणार आणि हे थांबणार. बघितलंय मी." एवढं बोलून आईने त्यांच्यासाठी कोरडे कपडे काढून दिले.

पाण्यात नाना काही विसरले नव्हते. हातांना सगळं पाठ होतं. एका दगडाआडून दुसऱ्या दगडाआड ते असे सरकत होते की मागून येणाऱ्या ढब्बूला हसू फुटलं आणि रडूही. डॉक्टर चुकले असतील, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

उंबऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात नानांनी होडी काठावर ओढली, वल्हं उचललं आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "आक्का, तू इथेच थांब. मी बघतो."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन कैक वर्षं झाली होती.

"नाना, थांबा. आपण इथूनच परत जाऊ," ढब्बू ओरडली. पण ते निघाले होते आणि पाण्याच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. ती होडीतून बाहेर पडेपर्यंत ते खाली पोचलेही होते.

खडकावर उभं राहून नानांनी बराच वेळ पायथ्याकडे पाहिलं. मग वल्हं वर गेलं. उभं, सरळ, जराही न हलणारं.

ढब्बू परत होडीत बसली. वल्हं पाण्यात घातलं, परत काढलं. खाली बोलावत होते ते कुणाला? उभ्या वल्ह्याचा अर्थ ये असा आहे, हे तरी त्यांच्या डोक्यात शिल्लक होतं का? जन्मात पहिल्यांदा तिने त्या वल्ह्यावर डोकं चालवलं. मग ती होडीतून बाहेर आली, होडी खांद्यावर घेतली आणि काठाच्या निसरड्या पायवाटेने चालू लागली.

वळण संपलं आणि पायथा दिसला. पाणी मोकळं होतं. झाड सोडा, काटकीसुद्धा नव्हती. नाना अजून तसेच उभे होते, उंबऱ्यावर डोळे लावून. वल्हं खाली आलं नव्हतं. ती वरून येणार म्हणून ते वाट बघत होते आणि ती त्यांच्या पाठीशी उभी होती.

"नाना," ती म्हणाली.

ते वळले. तिच्या खांद्यावरची होडी त्यांनी पाहिली. मग हळूच वल्हं खाली घेतलं.

"पाणी मोकळं होतं, ढब्बू."

"हो, नाना."

"मी नीट बघितलं होतं गं."

तिने होडी खाली ठेवली. होडीला चीर गेली म्हणावं असं मनात आलं, पण त्यांच्याशी खोटं बोलणं जमेना. नानाच म्हणाले, "बरं केलंस. मनात किंतु असला की उतरायचं नसतं." आता खरं तर तिने खाली उभं राहायचं आणि त्यांनी उतरायचं. पण तसं झालं नाही. नाना खडकावर बसून राहिले आणि वर राहिलेली त्यांची होडी ढब्बूच जाऊन घेऊन आली.

पुढे नाना एकेक करत सगळं विसरले. दुकान विसरले, ढब्बूचं लग्न विसरले, आईला कधी कधी परिचारिका समजू लागले. एवढं सगळं विसरले, तर तो एक दिवसही विसरायला काय हरकत होती, असं ढब्बूला वाटे आणि ती हमसून रडे.

कारण रात्रभर पाऊस झाला की सकाळी ते खिडकीतून बाहेर बघत आणि उशाशी बसलेल्या लेकीला, ती कोण हे न ओळखता, हळू आवाजात सांगत, "आमच्या ढब्बूला निरोप द्याल का? पाणी आलंय, जा म्हणावं. पण खाली दुसरं कुणीतरी उभं कर."