बिनशिट्टीचा कुकर

भावनाने ओला टॉवेल पिळला, त्याची लांबट गुंडाळी केली आणि मुख्य दाराखालच्या फटीत पायाने दाबून बसवली. मग बैठकीच्या खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातल्या काचा ओढून घेतल्या आणि पंखा बंद करावा की नाही या विचारात मधेच उभी राहिली. परदेशातल्या या दमट शहरात, क्वीन्सटाउनच्या दुपारी, सगळं लावून घेतलेल्या फ्लॅटमध्ये पंखाही बंद करायचा म्हणजे स्वतःलाच शिजत टाकायचं. तिने पंखा राहू दिला.

डायनिंग टेबलाशी बसून प्रियदर्शिनी कांद्याच्या पातळ चकत्या लिंबाच्या रसात बुडवत होती. आईचं हे सगळं चाललेलं तिने पाहिलं. काही बोलणार होती, पण तिने पुढची चकती रसात बुडवली. कॉलेजात जायला लागल्यापासून ती अशी मधेच गप्प राहायला शिकली होती, आणि भावनाला त्याची भीती वाटायची.

"मम्मी, सो हॉट लाह," ती शेवटी म्हणाली.

"राहू दे. वास बाहेर जातो."

"जाऊ दे की. छान वास आहे."

छान होता, हीच तर अडचण होती. ओट्यावर स्लो कुकर सकाळपासून आपल्याच नादात होता. काचेच्या झाकणाला आतून थेंब धरले होते, ते ओघळून पुन्हा रश्श्यात पडत होते. जिरं, लसूण, तमालपत्र, संत्र्याचा रस आणि डब्यातल्या धुरावलेल्या मेक्सिकन मिरच्या. या सगळ्यांच्या खाली आणखी एक वास होता, दाट आणि ओळखीचा. त्या वासाला भावना इतकी वर्षं नाव घेऊन हाक मारत नव्हती.

आज शांताबाईंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा पहिला स्मृतिदिन. संध्याकाळी प्रमोदभाऊ येऊन बुद्धवंदना घेणार होते, शेजारची अनघा येणार होती, आणखी चार माणसं. पुरीभाजी आणि खीर भावना करणार होती. आजीसाठी मीपण काहीतरी करते, मेक्सिकन स्लायडर्स, असं प्रियदर्शिनीने आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. तळहाताएवढे बर्गर, लादीपावासारख्या एकमेकांना चिकटलेल्या छोट्या पावांचे. भावनाने चिकन गृहीत धरलं. आपल्या घरातलं मूल दुसरं काही आणेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुपारी कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारताना मांसाचा रिकामा ट्रे हाती आला आणि त्यावरचं लेबल तिने दोनदा वाचलं.

त्यावर मायलेकींचं जे झालं त्याला भांडण म्हणता आलं नसतं. भावना एवढंच म्हणाली की आजीच्या घरात हे कधी शिजलं नाही, आजच्या दिवशी तरी त्यांचा मान ठेवायचा. प्रियदर्शिनी म्हणाली की मानच ठेवतेय. पुढे दोघी आपापल्या कामाला लागल्या. तिचा नवरा सुगत फुलं आणि मेणबत्त्या आणायला लिटिल इंडियाला गेला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, तू ठरव. हे दोन शब्द योग्य वेळी म्हणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

म्हणजे ठरवायचं भावनालाच होतं. कुकर बंद करून ते सगळं पिशवीत बांधून खाली टाकायचं, की शांताबाईंच्या नावाने बोलावलेल्या माणसांच्या ताटात वाढायचं. ठरेना, म्हणून तिने टॉवेल पिळला होता.

त्यातून सकाळपासून घरात बोंबील तळल्याचा वास येत होता.

ती जागी झाली तीच त्या वासाने. सुके बोंबील, तव्यावर, जरा जास्तच करपलेले. तिने फ्रीज पाहिला, मसाल्याचे डबे उघडले, सिंकखाली वाकून हुंगलं. शांताबाईंच्या खोलीत गेली. तिथे आता सुगतचं टेबल होतं, पण खाट अजून होती. त्या खोलीत वास होता आणि नव्हताही. पॅसेजमध्ये एकदम भेटायचा आणि वळेपर्यंत नाहीसा व्हायचा. शांताबाई शेवटी शेवटी अशाच चालत. भिंतीला हात लावून, पायांचा आवाज न करता. मागे येऊन उभ्या राहिल्या की भावना दचकायची. आज सकाळपासून तिने तसंच तीनचारदा मागे वळून पाहिलं होतं. सुगतला विचारलं तर त्याला कसलाच वास येत नव्हता. त्या गेल्यापासून या घरात सुकी मासळी आली नव्हती. मग येणार कुठून?

त्या होत्या तेव्हा मात्र आठवड्यातून एकदा तरी बोंबील ठरलेले. भावना वन-नॉर्थच्या लॅबमधून दमून परत यायची आणि लिफ्टचं दार उघडलं की तो वास सामोरा यायचा. अनघा पुण्याची, बोलायला गोड. एकदा हसत म्हणाली होती की काकूंचे बोंबील लिफ्टपर्यंत न्यायला येतात हं. भावनाला ते हसणं बरेच दिवस टोचलं. तिने शांताबाईंना एकदा नीट सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा तितकंसं नीट सांगितलं नाही. म्हणाली, अहो आई, आपण सगळ्या मजल्याला नाक दाबायला लावतो. शांताबाई खाली मान घालून बसल्या होत्या. तोंडाला चव नाही गं, एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोंबील. ताटात मात्र ते कधी दिसत नसत. दुपारीच संपवत असतील, असं भावनाने धरून चाललं होतं.

शांताबाईंच्या घराचं नावच तसं होतं. सासऱ्यांनी धम्मदीक्षेनंतर जे सोडलं ते सोडलं, मेलेल्या ढोराचंच नव्हे तर कापलेल्या ढोराचंसुद्धा. भावनाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने तिला आत नेऊन बजावलं होतं, ते विहाराचे लोक आहेत, त्या घरात तो शब्दसुद्धा तोंडातून काढू नकोस. कारण भावनाच्या घरात तो शब्द होता. अकोल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सगळ्या जातींच्या शेजारात, रविवारी तिची आई पातेल्यावर परात झाकून ते शिजवायची. कुकर नाही लावायचा. इतक्या शिट्ट्या कशाच्या, असं कुणी विचारलं तर? खिडक्या बंद, दाराखाली ओलं फडकं आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्त्यांचा जुडगा. शेजारी म्हणायचे, साहेबांच्या घरी फारच धार्मिक वातावरण. तिचे वडील ते ऐकून जेवताना हसायचे, पण दबक्या आवाजात.

लग्नानंतर भावनाने ते खाल्लं नव्हतं. इथे ते सुपरमार्केटात कोंबडीच्या शेजारी, दिव्याखाली, राजरोस मांडलेलं असतं. त्या फडताळापाशी आली की तिची ट्रॉली आपोआप जोरात चालते.

तिने तसबिरींपुढे उदबत्ती लावली. एक लावणार होती, हातात पाच-सहा आल्या. बुद्ध, बाबासाहेब, आणि या वर्षापासून बाजूला शांताबाई. पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला चेहरा, कुणीतरी हसू नका म्हणून सांगितल्यासारखा. घास काढून ठेवायला त्यांनी स्वतःच मनाई केली होती. मेलेलं माणूस जेवत नसतं, म्हणायच्या, जित्याला खाऊ घाला.

मागे झाकण उचलल्याचा आवाज झाला. प्रियदर्शिनीने मांसाचा मोठा तुकडा ताटलीत काढला होता आणि दोन काट्यांनी ओढून त्याचे धागे करत होती. मांस विरोध करत नव्हतं. भावना बघत राहिली. तिची आई हेच बोटांनी करायची, चटके खात.

"होत आलं," प्रियदर्शिनी म्हणाली. "आता लास्ट स्टेप."

तिने आपल्या बॅगेतून एक पाकीट काढलं. सुके बोंबील. पाकीट सीलबंद होतं. तिने ते भावनाच्या समोर कात्रीने कापलं, तवा ठेवला आणि त्यावर सात-आठ बोंबील टाकले.

तोच वास. सकाळपासून पॅसेजमध्ये भेटत होता तो, जरा करपलेला.

"हे कशाला?"

"रेसिपी आहे. आजीची." प्रियदर्शिनीने वर पाहिलं. "टॉवेल, मग खिडक्या, मग बोंबील. पहिले दोन तूच केलेस ना? मला वाटलं तुला माहितीये. वाटलं आजीने तुलाही शिकवलं."

भावना खुर्ची ओढून बसली. मग तिने एकेक विचारलं आणि मुलीने हात न थांबवता सांगितलं. आजीला आधी सेरंगूनच्या मॉलमध्ये एक स्लायडर खाऊ घातला होता, कसला ते न सांगता. आजीने एकच घास घेतला आणि विचारलं, हे मोठ्याचं ना. प्रियदर्शिनी घाबरली. आजीने मात्र पाव बाजूला काढून तिला दिला आणि आतलं सगळं संपवलं. पुढच्या आठवड्यात म्हणाली, हे घरी जमेल का. व्हिडिओ पाहून जमवलं. मेक्सिकन मिरची आजीला आवडली, चुलीवर धुरावल्यासारखी लागते म्हणाली. लवंगा आणि काळा मसाला तिने आपल्या मनाने घातला. स्लो कुकर तर तिला फारच आवडला होता.

भावनाला वाटत आलं होतं की तो कुकर पेजेसाठी आणलाय.

"का आवडला?"

"शिट्टी नाही ना. म्हणायची, केवढं शहाणं भांडं आहे, कुणाला काही सांगत नाही."

"आणि हे बोंबील? ते कुणी खायचं?"

"कुणीच नाही. आजी चुटमध्ये टाकायची." कचऱ्याच्या चुटकडे तिने काट्याने बोट दाखवल्यासारखं केलं. "म्हणायची, हे खायला नसतं, याचा नुसता वास घ्यायचा. मला वाटायचं फ्लेवरिंग असेल. स्मोक देतात तसं. नाही का?"

तव्यावर बोंबील वाकत होते. सगळ्या मजल्याला नाक दाबायला लावतो, असं ती म्हणाली होती आणि समोर शांताबाई खाली मान घालून बसल्या होत्या. उदबत्त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला तो वास कशावर घातलेलं पांघरूण होता हे ओळखता आलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही कळलं नाही.

प्रियदर्शिनीने काटे खाली ठेवले.

"आजी नको म्हणाली. म्हणाली, तुझी मम्मी क्वार्टरमधली, साहेबाची मुलगी. तिला किळस येईल. मग ती माझ्या हातचं खाणार नाही."

पंखा फिरत होता. भावनाने उठून तव्याखालचा गॅस बंद केला. बोंबील तसेच राहू दिले. स्वयंपाकघराच्या काचा सरकवल्या, बैठकीच्या खिडक्या उघडल्या. मग दाराशी खाली बसली आणि फटीतला टॉवेल ओढून काढला. फरशीवर ओलसर पट्टा उमटला होता. टॉवेल हातात घेऊन ती तशीच बसली. प्रियदर्शिनी जवळ येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, सगळं टाकायचं का. भावनाने मान हलवली. नाही म्हणून हलवली हे मुलीला थोड्या वेळाने कळलं.

भावनाने दार उघडलं तेव्हा जाळीपलीकडे अनघा आधीच उभी होती. दोन्ही हातांत पांढरी फुलं, त्यातूनच बेलकडे काढलेलं एक बोट तसंच.

"लवकर आले, मदतीला," ती म्हणाली. मग थांबली. "लिफ्टपाशी वास आला गं. काकूंचे बोंबील. मला एकदम वाटलं..." पुढचं तिने गिळलं. डोळे भरले होते, ते पुसायला तिला मोकळा हात नव्हता.

भावना जाळीची कडी काढत होती. कडी काढायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिला लागला.

"नुसते बोंबील नाहीत, अनघा," ती म्हणाली. "बीफ आहे. आमच्या आईंना आवडायचं. मलाही."

शब्द बाहेर पडला आणि कॉरिडॉरमधून वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिशेने निघून गेला. अनघाने फुलांकडे पाहिलं. मग उंबऱ्याशी उमटलेल्या ओल्या पट्ट्याकडे. त्याच्यावरून तिची नजर टॉवेलवर आली आणि जरा वेळ तिथेच राहिली.

"मी नाही खाणार हं," ती हळूच म्हणाली. "पण आत येऊ ना?"

"ये की."

अनघाने चपला काढल्या आणि फुलं घेऊन तसबिरींकडे गेली. भावनाने दार लावलं नाही. संध्याकाळी प्रमोदभाऊंनाही असंच सांगायचं, तिने ठरवलं. ज्याला खायचं तो खाईल, खीर आहेच. वारा आरपार वाहत होता. सकाळपासूनचा तो वास तिने शोधून पाहिला, पॅसेजच्या वळणापर्यंत जाऊन पाहिला. नव्हता. तिला उगीचच एकटं वाटलं.

प्रियदर्शिनीने पहिला स्लायडर बशीत घालून आणला. वर गुलाबी झालेला कांदा. ती बशी घेऊन आजीच्या फोटोपुढे घुटमळली, ठेवावी की नाही म्हणून. भावनाने तिच्या हातातून बशी घेतली. वरचा पाव काढला, खालचा काढला आणि दोन्ही मुलीच्या हातात दिले.

"पाव तू खा," ती म्हणाली, आणि उरलेलं बोटांनी उचललं. गरम होतं. तिने डोळे मिटले.