पायरीजवळचा हिनोकी

सबनीसांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या होत्या. औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला एकतीस वर्षं. गोळीचा रंग किंचित वेगळा दिसला तरी अख्खी बॅच परत. त्यामुळे दारातलं झाड आपणच मारलं, हे त्यांना पटायला जरा वेळ लागला.

झाड पद्मजाचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. परदेशातल्या, कॅरी गावच्या या घराच्या पुढच्या पायरीशेजारी, लेक कॉलेजला गेली त्या वर्षी तिने तो जपानी हिनोकी लावला. सायप्रसच्या कुळातलं झाड, बारा महिने हिरवं, आणि वाढीच्या बाबतीत कमालीचं आळशी. अठरा वर्षांत जेमतेम सबनीसांच्या छातीपर्यंत आलं होतं. पानं अशी, की कुणी छोटे छोटे पंखे एकावर एक रचून ठेवलेत. पद्मजाला जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. तिच्या साड्या लेकीने नेल्या, डबे मराठी मंडळातल्या बायकांनी नेले. झाड तेवढं जागेवर राहिलं.

लेक इला, लांब उत्तरेकडे नेपरव्हिलला. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दोन प्रश्न ठरलेले असायचे. जेवलात का, आणि आईचं झाड कसं आहे. दोन्हीला सबनीसांचं उत्तर एकच, "मस्त." जूनमध्ये मात्र तिने सरळच सांगितलं.

"बाबा, मी दिवाळीच्या वीकेंडला येऊन स्वतः बघणार आहे. तुम्हाला एकट्याला मॅनेज होत नसेल ना, तर घर सेलला टाकायचं आणि इकडे यायचं. नो आर्ग्युमेंट्स."

"मला काय धाड भरलीय? उत्तम चाललंय माझं," सबनीस म्हणाले. नेपरव्हिलच्या बर्फात, जावयाच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी त्यांना म्हातारपण काढायचं नव्हतं. आपल्याला जमतं हे पोरीला दाखवून द्यायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि ऑगस्टमध्ये झाड तपकिरी पडायला लागलं. सप्टेंबर अर्धा सरेपर्यंत ते उभंच्या उभं वाळलं. सबनीस रविवारचे कॉल स्वयंपाकघरात बसून घ्यायला लागले.

मग नमुना जुळवायची मोहीम सुरू झाली. वाळलेली एक फांदी झिपलॉकच्या पिशवीत, फोनमध्ये झाडाचे जुने फोटो, खिशात मोजपट्टी. पहिल्या नर्सरीत त्यांना कळलं की हिनोकी म्हणजे एक झाड नव्हे, खानदान आहे. कुणी सोनेरी, कुणी दोऱ्यासारखं लोंबतं, कुणी चेंडूएवढं आणि जन्मभर चेंडूएवढंच राहणारं. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर दहा वर्षांनी उंची किती होईल ते. सबनीस सदुसष्टचे. ते चिठ्ठ्या वाचायचे आणि मनातल्या मनात बेरीज करायचे. दुसऱ्या नर्सरीत जात जुळली, पण रोप गुडघ्याएवढं. तिसऱ्यात उंची जुळली, पण पानांचा हिरवा पिवळट. पद्मजाचा हिरवा गडद होता, सावलीतल्यासारखा.

चौथी नर्सरी डोंगराच्या बाजूला, अडीच तासांच्या ड्राइव्हवर. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी त्यांना मागच्या शेतात नेलं, आणि एका रांगेच्या टोकाला ते उभं होतं. सबनीसांनी मोजपट्टी काढली नाही. ते नुसते बघत राहिले. पद्मजा पाठमोरी उभी असावी असं त्यांना वाटलं, आणि आपल्याला असं काही वाटू शकतं याचीच लाजही वाटली.

"एवढं मोठं कशाला नेताय?" बाई म्हणाल्या. "लहान रोप लवकर रुजतं."

"माझ्या बायकोला अस्संच हवंय."

"मग तिला आणायचं होतंत."

सबनीसांनी घाईघाईने पिशवीतली फांदी पुढे केली. बाईंनी ती नाकाशी धरली, बोटात चुरली. "पाणी किती घालत होतात?"

"रोज सकाळी एक बादली. न चुकता."

"रोज? तुमच्याकडच्या त्या लाल चिकणमातीत?" बाईंनी फांदी पिशवीत परत ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्याला बुडवलंत हो. मुळं कुजली त्याची. आता या नव्याला तरी असं करू नका. आधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. ओली लागली, की बादली ठेवून मुकाट्याने घरात जायचं."

परतताना, झाड गोणपाटात बांधून गाडीत मागे आडवं घातलेलं असताना, सबनीसांना सगळा उलगडा झाला. ते रोज साडेसहाला गॅरेजमधून गाडी मागे घ्यायचे, तेव्हा पद्मजा अंघोळ करून पायरीवर तांब्या घेऊन उभी असायची. वाकून पाणी घालायची. अठरा वर्षं त्यांनी ते गाडीच्या काचेतून पाहिलं. ती गेल्यावर तिचं एक तरी काम आपण चालू ठेवायचं म्हणून तेही तांब्या घेऊन जायला लागले. एवढ्या झाडाला तांब्याने काय होणार, म्हणून पुढे बादली घेतली. पण ती झाडाला पाणी घालतच नव्हती. झाडाच्या आडोशाला तुळशीची कुंडी होती, तांब्या तिच्यासाठी असायचा. ती तुळस पद्मजा गेली त्याच उन्हाळ्यात वाळून गेली होती, आणि परदेशात तुळस टिकत नाहीच म्हणून सबनीसांनी कुंडी गॅरेजमध्ये टाकून दिली होती. एक तहानेने मारलं, एक पाण्याने. आपण एकदाही गाडीतून उतरून जवळ का गेलो नाही, हा प्रश्न त्यांना घरापर्यंत सोडेना.

इला शुक्रवारी संध्याकाळी आली, एकटीच. सबनीसांनी जुन्याच्या जागी नवं झाड लावून, पुढची पायरी धुवून, पणत्या मांडून ठेवल्या होत्या. ती भाड्याची गाडी ड्राइव्हवेवर लावून सरळ गॅरेजमधून आत आली. या देशात पुढचं दार फक्त पार्सलवाल्यांसाठी असतं, हे सबनीस उत्साहात विसरले होते. तिने फ्रिज उघडून पाहिला. औषधांचा डबा पाहिला. बाथरूमही पाहिली. सगळीकडे पास.

शनिवारी सकाळी ते तिला चहाचा कप घेऊन मुद्दाम पुढे घेऊन आले. झाडाजवळ ती थांबली. पंख्यासारख्या पानांवरून तिने हात फिरवला आणि एकदम तिचे डोळे भरून आले. सबनीसांनी श्वास रोखून धरला.

"किती छान ठेवलंयत, बाबा. आईने ठेवलं असतं तसंच." तिने झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि नवऱ्याला, ईशानला पाठवला. मग पायरीवर बसली. "खरं सांगू? मी तुम्हाला घेऊन जायचंच ठरवून आले होते. वरची खोली रिकामी केलीय. ईशानने पेंटसुद्धा केली, तुम्हाला आवडतो तो फिका निळा. खिडकीतून मॅपल दिसतो."

"वरची?" सबनीस म्हणाले. "मला वाटलं, बेसमेंट."

"काहीतरीच काय! पण आता टेन्शनच गेलं. तुम्ही इतकं मस्त मॅनेज करताय, आय ॲम सो रिलीव्ह्ड. मग डिसेंबरला आम्ही इथे न येता ईशानच्या आईबाबांकडे जाऊ का, अर्विंगला? ते किती दिवस बोलावतायत. आणि मार्चमध्ये माझं प्रोजेक्ट आहे, मग एकदम समरलाच येईन. चालेल ना तुम्हाला?"

"इला, हे झाड..."

"काय, बाबा?"

गोळीचा रंग वेगळा आहे, एवढंच सांगायचं होतं. जन्मभर हेच तर सांगत आले होते ते. "काही नाही. फारसं वाढत नाही ते," सबनीस म्हणाले. "चालेल की. न चालायला काय झालं?"

रविवारी दुपारी ती गॅरेजमधूनच गेली. शटर खाली आलं आणि घर एवढं गप्प झालं, की सबनीसांनी उगाच टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. त्यांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, पद्मजा गेली त्या आठवड्यातही नाही. तेव्हा निदान माणसं येत होती.

सोमवारी सकाळी अंघोळ करून ते पायरीवर आले. खाली वाकून त्यांनी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. माती चांगली ओली होती. बादली ठेवून घरात जायचं, असं बाईंनी बजावलं होतं.

सबनीस घरात गेले नाहीत. त्यांनी बादली उचलली आणि पद्मजा तुळशीला घालायची तसं हळूहळू, पण झाडाच्या बुंध्याशी, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी घातलं. मग, रविवारचे कॉल आता पायरीवर बसूनच घ्यायचे असं ठरवत, दुसरी भरायला आत गेले.