कर्नलबाईंचे हातमोजे

त्या रविवारी आई भाजी घेऊन आली तेव्हा मी हॉलमध्ये वाचत बसले होते. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे ती दारात थांबली होती. ती नेहमीच थांबायची. स्कूटीवर उन्हासाठी घालायचे फुलाफुलांचे लांब हातमोजे ती तिथेच उभी राहून, एकेक बोट ओढत काढायची. हनुवटी जरा वर, डावी भुवई त्याहून वर.

"दुकानात धनराजशेठ वजन करायचे थांबतात," ती म्हणाली. "बँकेतला तो मुलगा शिक्का हवेत धरून बसतो. घरात मात्र कोणाची मानही वर होत नाही."

"आई, कोथिंबीर सुकतेय," मी पान उलटत म्हणाले.

हा सगळा थाट तिने कॉर्नेलिया ब्रँटकडून उचलला होता. ही हॉलिवूडची जुनी नटी आईला निवृत्तीनंतर मोबाइलवर सापडली. ते नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून बाईंची कर्नलबाई झाली, आणि त्यांचा ताठा बघता ते शोभूनही गेलं. इंग्रजी संवाद आईला निम्मे कळायचे. उरलेले ती स्वतः ठरवायची.

जेवणं झाल्यावर आम्ही कर्नलबाईंचा शेवटचा चित्रपट लावला. कितव्यांदा, ते विचारू नये. तरुणपणी त्यांच्यावर इतका मऊ प्रकाश सोडायचे की नाक कुठे संपतं ते कळू नये. या चित्रपटात त्या सत्तरीच्या आहेत. खिडकीतलं उघडं ऊन सरळ तोंडावर येतं, गळ्याच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात. माणसांनी भरलेल्या दालनात त्या येतात, दारात थांबतात आणि हातमोजे काढू लागतात. एक शब्द बोलत नाहीत. दालन गप्प होतं.

"या वयात कशाला आली पुन्हा पडद्यावर?" मी म्हणाले.

"मग काय घरी शेंगा सोलत बसायचं?" आई शेंगा सोलत म्हणाली. शाळेत तिने जन्मभर चित्रकला शिकवली होती, त्यामुळे चेहऱ्यांवर तिचा शब्द शेवटचा. "तेव्हा नुसती गोरी होती गं. आता कुठे चेहरा झालाय."

मग तिने चष्मा काढला, मान तिरपी केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "खरं सांग, मी दिसते ना थोडी हिच्यासारखी?"

"कानांत साम्य आहे."

"कान तर केसांखाली आहेत तिचे!"

"म्हणूनच म्हटलं."

तिने एक शेंग माझ्या अंगावर फेकली. संध्याकाळी आम्ही शेंगांची आमटी केली.

दुसऱ्या दिवशी धनराजशेठच्या दुकानाच्या पायरीवर ती कोसळली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नर्सने तिच्या वस्तू हातात दिल्या. चष्मा, स्कूटीची किल्ली, हातमोजे.

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठावर होतो. माझ्या भावाने, योगेशने, पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा होता. जवळच एका कठड्यावर बसला होता, मान तिरपी करून, आम्हाला अर्धाच चेहरा दाखवत. येत मात्र नव्हता.

"आमच्या गावचा, देवळ्याचा कावळा असता तर एव्हाना दुसऱ्यांदा जेवून गेला असता," सुलामावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. "हे नाशिकचे लय नखरेल. रोजचं पंगतीतलं जेवण ना!"

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," गुरुजी म्हणाले. "बोला कोणीतरी."

योगेशने घसा साफ केला. "आई, गच्चीची गळती काढतो. या महिन्यात."

कावळ्याने मान दुसरीकडे वळवली.

"विश्वास नाही बसला," मी पुटपुटले. योगेशने डोळे वटारले.

मावशी पुढे झाली. "उज्ज्वले, तुझी जांभळी पैठणी माझ्याकडं हाय. पोरीला परत देते बरं." आणि माझ्याकडे वळून हळूच, "पदराला एक डाग पडलाय."

कावळा कठड्यावर दोन पावलं सरकला आणि पुन्हा थांबला. बाजूची दोन कुटुंबं आपलं उरकून गेली होती.

"उशीर होतोय," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्राला चालतं."

मावशी एवढा वेळ बडबडत होती. आता पदर तोंडाला लावून म्हणाली, "नका हो गुरुजी. उपाशी गेली म्हणतील माझी बहीण. काहीतरी राहिलंय तिचं. तायडे, तू राहायचीस ना तिच्यापाशी. तू सांग ना काय ते."

मी या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक कळते, इच्छा कळत नाहीत, असं मी आईशीही वाद घालून सांगितलं होतं. पण तिचं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. इथे उभ्या असलेल्यांत मला एकटीलाच. पर्समध्ये ते हातमोजे होते. ते मी मुठीत धरले आणि पुढे झाले.

"आई," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, "आई, कानांचं मी उगाच म्हणत होते. तू दिसायचीस तिच्यासारखी. भुवई, हनुवटी, सगळंच. आणि दारात थांबायचीस ना, तेव्हा मी वाचत नसायचे. पानं नुसती उलटायचे. तुझं शेवटचं बोट निघेपर्यंत मला एक ओळ पुढे जाता यायचं नाही."